आदिवासी समाजासोबत संग्रहालयाचं काम: पहिल्या वर्षी काय करायचं, कोणाला विचारून करायचं

जिल्ह्याचं संग्रहालय असो, कॉलेजच्या विभागातला वस्तुसंग्रह असो किंवा एखाद्या ट्रस्टचं चार खोल्यांचं संग्रहालय, तिथे नव्याने रुजू झालेल्या माणसाच्या टेबलावर कधी ना कधी ही फाइल येते: ‘आदिवासी दालन’ नव्याने मांडायचं आहे, आणि या वेळी समाजाला सोबत घेऊन. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी आराखडा आधीच ठरलेला असतो, शोकेसची ऑर्डर गेलेली असते, लेबलं छापायला दिलेली असतात आणि मग उद्घाटनाला तारपा (भोपळ्यापासून केलेलं फुंकून वाजवायचं वाद्य) वाजवायला चार जणांना बोलावणं जातं. ही भागीदारी नव्हे. कामाला हात घालण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: गावाने ‘हे नको’ म्हटलं, तर आपल्या आराखड्यातलं काय बदलू शकतं? काहीच बदलू शकत नसेल, तर आधी आराखडा मोकळा करून घ्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यावरच उभ्या आहेत.

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख आहे आणि राज्याच्या यादीत ४५ जमाती आहेत. कोरकू मेळघाटात राहतात, माडिया भामरागडात, पावरा आणि भिल सातपुड्यात, वारली आणि कोकणा जव्हार-डहाणूकडे, कातकरी रायगड-ठाण्यात. भाषा वेगळ्या, देव वेगळे, मयताचे विधी वेगळे. एका दालनात सगळ्यांना बसवायचा मोह पहिल्या वर्षी सोडा. एक जमात आणि एक तालुका निवडा. निवड तुमच्या संग्रहातल्या वस्तू कुठून आल्या आहेत त्यावरून करा. संग्रहालय मुंबईत असेल तर आरे कॉलनी आणि राष्ट्रीय उद्यानातले वारली पाडे तुमच्या अगदी जवळ आहेत, दर वेळी डहाणूच गाठायला हवं असं नाही.

आधी घरातलं काम

गावात जायच्या आधी आपल्याकडे काय आहे हे आपल्याला माहीत हवं. ॲक्सेशन रजिस्टर (संग्रहात आलेल्या वस्तूंची नोंदवही) काढा आणि प्रत्येक वस्तूसाठी एक पान करा: क्रमांक, रजिस्टरमधली जुनी नोंद जशीच्या तशी, कुठून आली, कोणाकडून, कोणत्या वर्षी, विकत की भेट, कशाची बनलेली आहे, आजवर कोणती औषधं किंवा रसायनं मारली आहेत. खाली अर्धं पान कोरं ठेवा. गाव जे सांगेल ते तिथे येणार आहे.

जुन्या नोंदी वाचताना त्रास होईल, त्याची तयारी ठेवा. ‘मुखवटा, ठाणे जिल्हा’ एवढंच लिहिलेलं असतं. करणाऱ्याचं नाव नसतं, गावाचंही नसतं. काही ठिकाणी जमातीच्या नावाआधी हिणवणारं विशेषण असतं. काही लेबलांवर १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याची भाषा तशीच उतरलेली दिसते, तो कायदा १९५२ साली रद्द झाला तरीही. हे शब्द रजिस्टरमधून खोडू नका, तो पुरावा आहे. दालनातून मात्र ते आजच काढा, त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट बघायचं कारण नाही. जमातीचं आणि पोटजमातीचं नाव काय लिहायचं, ‘आदिवासी’ शब्द वापरायचा की नुसतं जमातीचं नाव, हे त्या लोकांना विचारा. सरकारी यादीतलं शुद्धलेखन आणि लोकांच्या तोंडचं नाव पुष्कळदा जुळत नाही.

मग वस्तूंची विभागणी करा. रोजच्या वापराच्या वस्तू एकीकडे: इरलं, मासे धरायची साधनं, कणग्या, तिरकामठा. देवाच्या आणि विधीच्या वस्तू दुसरीकडे. पूर्वजांच्या स्मृतीच्या वस्तू तिसरीकडे. मेळघाटातले कोरकू मृताच्या नावाने सागाची कोरलेली फळी करतात, तिला मुंडा म्हणतात. तिच्यावर घोडेस्वार, सूर्य, चंद्र कोरलेले असतात आणि ती विधीपूर्वक ठरल्या जागी रोवली जाते. अशी फळी ‘काष्ठशिल्प’ म्हणून संग्रहात आली असेल, तर ती कोणाच्या तरी आजोबा-पणजोबांची आहे हे धरून चाला आणि गावाशी बोलणं होईपर्यंत ती प्रदर्शनातून उतरवा. भामरागडकडच्या माडियांच्या स्मृतिस्तंभांचंही तेच.

मानवी अवशेष असतील (कवट्या, हाडं, केस) तर ते ताबडतोब दालनातून आणि अभ्यासकांच्या यादीतून बाहेर काढा. ऑक्सफर्डच्या पिट रिव्हर्स संग्रहालयाने २०२० साली प्रदर्शनातले मानवी अवशेष उतरवले, त्यात नागा पूर्वजांचे अवशेषही होते. ते परत आणण्यासाठी नागा समाजातले लोक त्या संग्रहालयाशी बोलत आहेत. अमेरिकेत मूळनिवासी समाजांचे अवशेष आणि पवित्र वस्तू परत करण्याचा कायदा १९९० साली झाला. १२ जानेवारी २०२४पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी तर अशा वस्तू मांडण्याआधीच संबंधित समाजाची संमती बंधनकारक केली. त्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्ट्रीने आपली दोन मोठी दालनं बंद केली. आपल्याकडे असा कायदा नाही. म्हणून कोणी जबरदस्ती करणार नाही, आणि नेमकं त्यामुळेच ही जबाबदारी थेट आपल्यावर येते.

प्राण्यांचे भाग वेगळे काढा: वाघनखं, शिंगं, कातडी, साळिंदराची पिसं. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे अशा वस्तू घेणं, हलवणं किंवा परत देणं हे वनविभागाला विचारल्याशिवाय करता येत नाही. नाही विचारलं, तर अडचणीत संग्रहालय येईलच, पण सर्वात आधी ज्याच्याकडून वस्तू घेतली तो माणूस येईल. वारल्यांच्या घरातला हिरवा देव मोरपिसांच्या जुडग्याच्या रूपात असतो. अशी वस्तू घेण्याचा विचारही गावकऱ्यांनी स्वतःहून विषय काढल्याशिवाय करू नका.

कोणाशी बोलायचं

अनुसूचित क्षेत्रात, म्हणजे आदिवासीबहुल म्हणून राज्यघटनेखाली जाहीर झालेल्या भागात, पहिलं नाव ग्रामसभेचं. १९९६च्या पेसा कायद्याने (अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीचा केंद्राचा कायदा) परंपरा, रूढी आणि सांस्कृतिक ओळख जपण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे, आणि महाराष्ट्राचे २०१४चे नियम पाड्यालासुद्धा स्वतंत्र गाव म्हणून उभं राहायची वाट देतात. तेव्हा ग्रामपंचायतीच्या ऑफिसात सरपंचांची सही घेतली म्हणजे झालं, असं समजू नका. पाच-सहा पाड्यांच्या ग्रामपंचायतीत तुमची वस्तू ज्या पाड्यातून आली, त्या पाड्याची सभा हवी.

पण नुसती ग्रामसभाही पुरत नाही. चौक (लग्नात घराच्या भिंतीवरचं चौकोनी चित्र) लिहिण्याचा, म्हणजे काढण्याचा, मान सवाष्णींचा आणि लग्नाची गाणी धवलेरीची, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईची, म्हणून वारली लग्नचौकाबद्दल फक्त पुरुष चित्रकारांशी बोलून चालत नाही. पुरुष मोठ्या संख्येने चित्रं काढू लागले ते १९७०च्या दशकानंतर, जिव्या सोमा मशे यांच्यापासून. देवाबद्दल भगत बोलेल, कथेबद्दल थाळीच्या सुरावर कथा लावणारा थाळकरी बोलेल, गोंडांच्या वंशावळीबद्दल त्यांचा पारंपरिक गायक असलेला परधान बोलेल. शिकलेली तरुण मुलं आणि समाजाच्या संघटना वेगळं काही सांगतील, कधी वडीलधाऱ्यांच्या उलटही. हे सगळे आवाज नोंदवा. मतभेद आहे म्हणून आपल्याला सोयीचं मत उचलायचं नाही.

रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे तिथल्या कातकरी वाडीला पेसाची ग्रामसभा नसते. गावच्या सर्वसाधारण ग्रामसभेत कातकऱ्यांचा आवाज निघेलच याची खात्री नाही. तिथे वाडीतच, वाडीच्या लोकांची वेगळी बैठक घ्या आणि तिचं इतिवृत्त हाच आपला आधार धरा.

जव्हार, डहाणू, तळोदा, धारणी, भामरागड इथे एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाची कार्यालयं आहेत. त्यांना आपण काय करतोय हे जरूर कळवा. मात्र प्रकल्प अधिकाऱ्यांचं पत्र घेऊन गावात जाऊ नका. सरकारी शिक्का पाहिला की बैठकीत सगळे माना डोलावतात, आणि तुम्हाला जे होकार वाटतात ते होकार नसतात.

कधी जायचं

भाताच्या तालुक्यांत जूनअखेरीपासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत आवणी (भाताची लावणी) चालते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी. दिवाळीनंतर पुष्कळ घरं वीटभट्टीवर, बांधकामावर, कोळसा पाडायला बाहेर पडतात ती मे महिन्यापर्यंत, आणि मधे होळीला परत येतात. म्हणजे तुम्हाला दोनच बऱ्या वेळा मिळतात: पोळ्यापासून घटस्थापनेपर्यंतचे दिवस आणि होळीच्या आगेमागे. त्यातही प्रत्यक्ष होळीचा दिवस गावाचा असतो, पाहुण्याने बैठक मागायचा नसतो. सातपुड्यात काठीसारख्या गावांची होळी तर सगळ्या परिसराची असते. ९ ऑगस्टचा विश्व आदिवासी दिन संग्रहालयांना कार्यक्रमासाठी फार सोयीचा वाटतो, पण त्या दिवशी लोकांचे स्वतःचे मेळावे आणि मिरवणुका असतात. त्यांना तिथून उठवून आपल्या सभागृहात बसवू नका.

या हिशोबाने एप्रिल ते ऑगस्ट घरचं काम, सप्टेंबरात पहिल्या भेटी, होळीच्या सुमारास दुसरी फेरी, आणि आराखड्याचं काम त्यानंतर. दालन दुसऱ्या वर्षी उघडेल. निधी देणाऱ्याला मार्चअखेर खर्च दाखवायचा असतो, म्हणून प्रस्तावातच दोन आर्थिक वर्षं मागा. एका वर्षाच्या निधीत हे काम बसवायला गेलं की सगळ्यात आधी गावाच्या भेटी कापल्या जातात.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावात निर्णय बहुमताने नाही, सर्वसहमतीने होतात, आणि निर्णयाआधी अभ्यासगटात विषय घोळवला जातो. अशा गावात एका बैठकीत उत्तर मिळत नाही आणि मिळायला नकोच. आमचा अनुभव आणि आग्रह असा आहे की इतर गावांतही पहिल्या भेटीत कोणतंही उत्तर मागू नये, कोणी घाईने दिलं तरी ते कच्चंच धरावं.

पहिली भेट

दोघं जा, त्यातली एक बाई असावी, नाहीतर चुलीजवळचं बोलणं तुमच्यापर्यंत पोचणारच नाही. दिवसभराचं काम आटोपल्यावरची वेळ मागा. दिवसा बसवणार असाल तर बुडालेली मजुरी द्या, आणि ती देणार हे आधी सांगा. गावची बोली येणारा माणूस त्याच भागातला हवा. शाळेतले गुरुजी मदतीला येतात, पण ते बाहेरचे असतील तर मोठ्या माणसांचं बोलणं तेही गाळून सांगतात.

सोबत लॅपटॉप नको, फोटोंचा अल्बम हवा. ए-फोर कागद, एका पानावर एक वस्तू, फोटोत मोजपट्टी, क्रमांक ठळक, खाली कोरी जागा. लॅमिनेशन करू नका, कारण लोकांना पेन्सिलीने खुणा करता आल्या पाहिजेत. एका बैठकीत तीस-चाळीस वस्तूंच्या पुढे जाऊ नका. त्यानंतर माणसं थकतात आणि ‘हो, असंच काहीतरी’ अशी उत्तरं येऊ लागतात. अल्बमच्या दोन प्रती करा आणि एक गावात ठेवून या. खरी माहिती पुष्कळदा तुम्ही निघून गेल्यावर निघते: कोणी म्हातारी पान उलटताना थांबते आणि हे कोणाच्या हातचं आहे ते सांगते.

या भेटीत रेकॉर्डिंग नाही, वस्तू मागणं नाही, सही तर नाहीच. संग्रहालयात काय आहे हे दाखवायचं, कसं आलं हे जेवढं ठाऊक आहे तेवढं खरं सांगायचं, आणि त्यांना यातून काही हवं आहे का हे विचारायचं. उत्तरं अनपेक्षित येतात. मुलांसाठी फोटोंच्या प्रती, जुन्या कणगीची मापं, आजोबांच्या आवाजाची ध्वनिफीत, किंवा संग्रहालय पाहायला यायचं तर गाडीभाडं. ही मागण्यांची यादी तुमच्या प्रकल्पाच्या उद्दिष्टांइतकीच महत्त्वाची आहे, तिला प्रस्तावात जागा द्या.

संमती: एक सही पुरत नाही

संमती तीन जणांची लागते: जो सांगतो किंवा करतो त्या माणसाची, ज्या घराचा किंवा देवाचा तो विषय आहे त्यांची, आणि गावाची. शिवाय प्रत्येक वापराची वेगळी. दालनात मांडणं, पुस्तिकेत छापणं, वेबसाइटवर टाकणं, दुकानातल्या कपावर-पिशवीवर छापणं हे चार वेगळे प्रश्न आहेत आणि एकाला हो म्हणजे चारांना हो नव्हे. कागद वाचून न दाखवता सही घेणं चुकीचं. मजकूर बोलीत वाचा, तो वाचल्याचं आणि माणसाने दिलेलं उत्तर दोन्ही ध्वनिमुद्रित करा. संमती मागे घेता येते हे स्पष्ट सांगा, आणि कालमर्यादाही लिहा: वेबसाइटवरून १५ दिवसांत, दालनातून ३० दिवसांत काढू.

गाण्याचं आणि कथेचं उदाहरण घेऊ, कारण तिथे सर्वाधिक गफलती होतात. थाळगानात काशाच्या थाळीच्या मध्यभागी मेणाने एक काडी उभी चिकटवतात, आणि थाळकरी त्या काडीवरून बोटं वरून खाली ओढत जातो. त्यातून एक सलग घुमणारा सूर निघतो आणि त्या सुरावर कथा चालते. वाद्य इतकं साधं की कार्यक्रमात वीस मिनिटांसाठी ‘ठेवून टाकू’ असं सहज वाटतं. पण यातल्या काही कथा मयताच्या दिवसांच्या आहेत, काही कनसरीच्या, म्हणजे धान्याच्या देवीच्या. मयताच्या कथा प्रसंगाशिवाय लावल्या तर घरात मरण ओढवतं, असं मानणारी माणसं समोर बसलेली असतात. म्हणून विचारायचे प्रश्न असे: ही कथा कधी लावतात? आत्ता लावली तर चालेल का? अर्ध्यावर थांबवता येते का? ध्वनिमुद्रण कोणी ऐकू नये असं आहे का, बायकांनी, मुलांनी, बाहेरच्यांनी? दालनात बटण दाबलं की वाजेल असं ठेवलं तर चालेल का? शेवटचा प्रश्न हमखास विसरला जातो, कारण मुद्रण करणारा वेगळा आणि दालन करणारा वेगळा असतो. तारप्याचंही तसंच. तो सुगीचा साथीदार आहे. पावसाळ्यात उद्घाटनाला वाजवायला सांगण्याआधी वाजवणाऱ्याला विचारा.

मुद्रणाची प्रत महिन्याभरात गावाला पोचवा. पेनड्राइव्ह पुष्कळांना चालवता येत नाही, मोबाइलमध्ये बसणारं मेमरी कार्ड द्या आणि ते तिथल्याच एका साध्या फोनवर वाजवून बघा.

काही गोष्टी संमती मिळाली तरी वेबसाइटवर टाकू नयेत, असं आमचं ठाम मत आहे. औषधी वनस्पती आणि त्यांचा नेमका वापर, देवराईची आणि स्मृतिफळ्यांची अचूक जागा, कोणत्या घरात जुना देव आहे ते. पहिल्यावर औषध कंपन्यांची नजर असते, दुसऱ्या-तिसऱ्यावर चोरांची. ऑस्ट्रेलियात वारुमुंगू या मूळनिवासी समाजासोबत तयार झालेली मुकुर्तू ही संगणकप्रणाली अशाच गरजेतून आली: कोणती नोंद कोणाला दिसावी हे समाज ठरवतो. ती मोफत आहे. छोट्या संग्रहालयाला ती जड वाटली तर साध्या एक्सेलमध्ये ‘कोणाला दाखवायचं’ असा एक रकाना ठेवून सुरुवात करता येते.

पैसे

भागीदारी मोडते ती बहुतेक वेळा बिलावर. संग्रहालयाचा लेखाविभाग तीन कोटेशन्स, पॅन आणि जीएसटीचं बिल मागतो. मुखवटे करणाऱ्या कारागिराकडे यातलं काही नसतं. मग पैसे मध्यस्थाच्या नावाने निघतात, त्याचा वाटा कापला जातो आणि गावात नाव संग्रहालयाचं खराब होतं. काम सुरू होण्याआधीच लेखाविभागासोबत बसून लेखी ठरवा: हातपावती चालेल, पैसे थेट करणाऱ्याच्या खात्यात जातील, खातं नसेल तर दोन साक्षीदारांसमोर रोख, निम्मी रक्कम आगाऊ, उरलेली काम झाल्यावर सात दिवसांत. कारागिराच्या कामाला कोटेशन मागवण्यात अर्थ नाही, तेव्हा संग्रहालयाच्या समितीच्या टिपणीने दर ठरवा.

जाणकार माणसाचं दिवसाचं मानधन पाहुण्या व्याख्यात्याला देता त्यापेक्षा कमी नको. एकाला बोलावलं तर निदान तिघांचा प्रवास आणि जेवण धरा. म्हातारा भगत मोखाड्याहून एकटा येणार नाही आणि आला तरी शहरात त्याची आबाळ होईल. एकूण खर्चाचा किमान तिसरा हिस्सा थेट समाजाकडे जायला हवा, असा हिशोब प्रस्तावात मांडा. शोकेस आणि दिव्यांवरच सगळा पैसा जात असेल, तर तो सजावटीचा प्रकल्प झाला.

वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. दुकानासाठी माल घेताना छापील नक्षी कारखान्यातून न घेता चित्रकारांकडून घ्या, आणि वस्तूवर चित्रकाराचं व गावाचं नाव येऊ द्या. चित्र एकदा विकत घेतलं म्हणजे त्याच्या छपाईचे हक्क मिळाले असं होत नाही, ते कराराने वेगळे घ्यावे लागतात.

करार दोन-तीन पानांचा, मराठीत, साध्या वाक्यांत. त्यात एवढं तरी असावं: कोणत्या वस्तू आणि कथा विषय आहेत, कोणते वापर मान्य, कोणते नाहीत, पैसे किती व केव्हा, मजकूर कोण वाचून पक्का करणार, प्रती कोणाकडे राहणार, संमती मागे घेतल्यावर काय, वाद झाला तर कोणती तीन माणसं बसून सोडवणार (त्यातली दोन गावाची). करार संस्थेच्या नावाने करा. क्युरेटरच्या (संग्रह सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या) ओळखीवर चाललेलं काम त्याची बदली झाली की संपतं.

दालन उभं करताना

लेबलाचा कच्चा मजकूर पाड्यात नेऊन मोठ्याने वाचा. ‘हे लोक निसर्गपूजक आहेत’, ‘त्यांचं जीवन साधं असतं’ अशी वाक्यं ज्यांच्याबद्दल आहेत त्यांच्यासमोर म्हणून बघितली की गळून पडतात. भूतकाळात लिहू नका, माणसं आज जिवंत आहेत. बोलीतलं नाव वर, मराठी त्याखाली. करणाऱ्याचं नाव माहीत असेल आणि त्याची हरकत नसेल तर ते शीर्षकाइतकंच मोठं. दालनात आजचं जगणंही येऊ द्या: वनहक्काचा दावा, वीटभट्टी, कॉलेजला जाणारी मुलगी. काय दाखवायचं हे मात्र त्यांनी निवडलेलं असावं.

भोपाळमध्ये पाहण्यासारखी दोन ठिकाणं आहेत. इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालयाच्या मोकळ्या आवारात वेगवेगळ्या समाजांनी येऊन आपली घरं स्वतः बांधली आहेत. मध्य प्रदेश जनजातीय संग्रहालय २०१३ साली उघडलं, ते आदिवासी कलाकारांच्या हातून घडलं आहे. गुजरातेत तेजगढच्या आदिवासी अकादमीतलं ‘वाचा’ हे संग्रहालय आवाजाला आणि बोलीला केंद्रात ठेवतं. पुण्यात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय आहे, तिथला संग्रह पाहिल्याशिवाय महाराष्ट्रात या कामाला सुरुवात करू नये.

दालनात वारली भिंत हवी असेल तर तांत्रिक बाजू आधीच समजून घ्या. मूळ भिंत कारवीच्या काड्यांची, तिच्यावर शेण-मातीचा लेप, त्यावर गेरू, आणि तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चित्र. रेघ बांबूच्या काडीने ओढतात, काडीचं टोक चावून कुंच्यासारखं मऊ केलेलं असतं. हाच लेप तुम्ही प्लायवूडवर दिलात तर पहिल्या उन्हाळ्यात तडकतो, कारण प्लाय आणि माती वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात. पावसाळ्यात हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर टिकली की तांदळाच्या पिठावर बुरशी धरते, झुरळं आणि कसर येतात. उपाय असा: कारवीच्या कुडाचा सुटा तुकडा लाकडी चौकटीत बसवा, त्यावर लेप देऊन तो उन्हाळ्यात तीन-चार आठवडे पूर्ण वाळू द्या, संग्रहाच्या खोलीत नेण्याआधी वेगळ्या जागी ठेवून कीड नाही ना हे बघा. भिंतीपासून निदान एक वीत अंतर ठेवा, म्हणजे मागून हवा खेळेल. आणि दर दोन-तीन वर्षांनी ती पुन्हा रंगवायला त्याच कुटुंबाला बोलवायचं, हे करारातच लिहा. घरच्या भिंतीवरचं चित्रही टिकवण्यासाठी नसतं, ते नव्याने लिहिलं जातं. लग्नाशिवाय देवचौक लिहायचा का, पालघाट देवी (चौकात काढली जाणारी लग्नाची देवी) काढायची का, हे लिहिणाऱ्या बायका ठरवतील.

बोहाड्याचे (देवादिकांची सोंगं नाचवण्याच्या गावच्या उत्सवाचे) मुखवटे हवे असतील तर नाचवलेला मुखवटा मागू नका. त्याची पूजा झालेली असते. कागदाच्या लगद्याचे मुखवटे करणाऱ्याकडून नवा करून घ्या, आणि कोणती सोंगं बाहेर द्यायला हरकत नाही हे गावाला विचारा.

वस्तू परत मागितली तर

कधी गाव एखादी वस्तू सणापुरती मागतं, कधी कायमची. दोन्हीची उत्तरं आधी ठरवलेली हवीत. ट्रस्टच्या संग्रहालयात विश्वस्तांच्या ठरावाने बरंच काही करता येतं. सरकारी संग्रहालयात वस्तू रजिस्टरमधून कमी करायला वरची मंजुरी लागते आणि शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंना १९७२चा पुरावस्तू कायदा लागू होऊ शकतो. वेळ लागणार असेल तर तसं स्पष्ट सांगा, महिने सांगा, आणि दर तीन महिन्यांनी फाइल कुठे आहे ते स्वतःहून कळवा.

वस्तू हातात द्यायच्या आधी तपासायची एक गोष्ट म्हणजे विष. जुन्या काळी संग्रहालयांत कीड लागू नये म्हणून आर्सेनिक, पारा, डीडीटी सर्रास वापरत. अमेरिकेत हॉपी समाजाला परत मिळालेल्या पवित्र वस्तूंवर आर्सेनिक सापडलं होतं, आणि त्या वस्तू अंगावर घालायच्या होत्या. तुमच्या रजिस्टरमध्ये फवारणीची नोंद नसली तरी फवारणी झाली नव्हती असं धरू नका. एक्स-रे फ्लुओरेसन्सच्या हातात धरायच्या यंत्राने आर्सेनिक आणि पारा कळतो, वस्तूला धक्का न लावता. डीडीटी त्याने कळत नाही, त्याला वेगळी रासायनिक तपासणी लागते. विद्यापीठाच्या प्रयोगशाळेकडून किंवा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला संवर्धन केंद्रासारख्या ठिकाणाहून सल्ला घ्या. निकाल गावाला त्यांच्या भाषेत सांगा: हे तोंडाला लावायचं नाही, मुलांच्या हाती द्यायचं नाही, ओल्या हाताने धरायचं नाही.

‘नको’ आलं तर

‘नको’ फार क्वचित तोंडावर येतं. ‘पुढच्या वेळी बघू’, ‘भगत गावाला गेलाय’, तिसऱ्यांदा बैठकीला कोणीच न येणं, ही त्याची रूपं आहेत. दोनदा असं झालं की पाठपुरावा थांबवा आणि एक निरोप ठेवा की काम आपल्या बाजूने थांबलं आहे, पुन्हा बोलायचं असेल तर या नंबरवर कळवा. हा नंबर संस्थेचा असू द्या.

वस्तू तुमच्याकडेच असेल तर तिचं काय करायचं हे त्याच दिवशी लिहून ठेवा. पानाच्या कोऱ्या अर्ध्या भागात तारीख, कोणत्या पाड्याने नको म्हटलं, कोणत्या वापराला. प्रदर्शन नाही, फोटो नाही, अभ्यासकांना नाही, अशा तीन ओळी. वस्तू स्वच्छ सुती कापडात, वेगळ्या कप्प्यात, जमिनीवर नाही आणि चपला-जोड्यांच्या कपाटाखाली तर नाहीच. कोणत्या दिशेला तोंड हवं, बाईमाणसाने हात लावावा की नाही, असं काही गावाने सांगितलं असेल तर तेही कप्प्यावर लिहा, म्हणजे तुमच्यानंतर येणाऱ्या माणसाला विचारत बसावं लागणार नाही. संचालक बदलले, नवा निधी आला, कोणी मोठा अभ्यासक पत्र घेऊन आला, तरी त्या तीन ओळी बदलायचा अधिकार त्या पाड्याच्या सभेलाच आहे, हे वाक्य रजिस्टरच्या पहिल्या पानावर विश्वस्तांच्या किंवा संचालकांच्या सहीनिशी असू द्या. अल्बमची गावातली प्रत परत मागू नका.